सुताराच्या मुलाचा प्रश्न: स्पॅनिश गिटार ‘हाताने’ करतात म्हणजे काय करतात?

सांगलीहून २० वर्षांच्या एका मुलाने विचारलंय. तो क्लासिकल गिटार शिकतो, वडील फर्निचरचं काम करतात. प्रश्न असा: दुकानात स्पॅनिश गिटार १५ हजारांत मिळते आणि स्पेनमधल्या कारागिराने एकट्याने केलेली चार-पाच लाखांना, आकार तर तोच. मग ‘हाताने केलेली’ म्हणजे नेमकं काय वेगळं? आणि बाबांची हत्यारं घेऊन घरी एखादी करता येईल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, ते छोटं आहे. येईल. आज आपण जिला स्पॅनिश गिटार म्हणतो तिची घडण ज्याने पक्की केली तो आंतोनिओ दे तोरेस (१८१७–१८९२) मुळात सुतारच. दक्षिण स्पेनमधल्या आल्मेरिया शहराजवळच्या एका वस्तीतला. लहान वयात सुताराकडे उमेदवारी केली, पुढे सेव्हिलला जाऊन गिटारी करून नाव कमावलं. मध्ये काही वर्षं गावी परतून चिनी मातीच्या भांड्यांचं दुकान चालवलं आणि १८७५ च्या सुमारास पुन्हा पटाशी हातात घेतली. तेव्हा बाबांना सांग, घराणं बरोबर आहे.

आता मोठा प्रश्न. मी हे काम स्पेनमधल्या ग्रानादात शिकलो आणि गेली बावीस वर्षं पुण्यात करतोय. ग्रानादात प्लाझा नुएवा चौकातून आलांब्राच्या किल्ल्याकडे एक चढ जातो, क्वेस्ता दे गोमेरेस नावाचा. त्या चढावर आणि आसपासच्या गल्ल्यांत गिटार करणाऱ्यांच्या खोल्या आहेत. खोल्याच म्हणतो, कारखाना म्हणवत नाही. एक बाक, भिंतीवर हत्यारं, छताला टांगलेल्या अर्धवट गिटारी, कोपऱ्यात सरसाचं भांडं. तुझ्या शेजारच्या मिरजेत सतारमेकर गल्लीत चक्कर मारलीस तर फार वेगळं दिसणार नाही. म्हणून पुढे मी शब्दही तिथलेच वापरतो: वरची आवाजाची फळी ती तबली, मान ती दांडी, तारा जिच्यावर टेकतात ती घोडी आणि फ्रेट म्हणजे पडदे. सतारीचे पडदे सरकतात आणि गिटारीचे ठोकून बसवलेले असतात, एवढा फरक ध्यानात ठेव.

एक गैरसमज आधी काढून टाकू. हाताने म्हणजे यंत्राला शिवायचं नाही, असलं सोवळं तिथे कोणी पाळत नाही. माझ्या उस्तादांकडे बँडसॉ होता, फळी पातळ करणारं यंत्रही होतं. दांडीचा ठोकळा कापायला, बाजूच्या पट्ट्या चिरायला ते ती बिनदिक्कत वापरत. पण तबली तीन मिलिमीटरवर आली की यंत्र बंद. तिथून पुढे रंधा, खरवडायची पोलादी पाती आणि बोटं. किंमत वाढते ती या शेवटच्या अर्ध्या-पाऊण मिलिमीटरात.

तबलीला एवढं महत्त्व का, हे तोरेसनेच दाखवून दिलं. १८६२ साली त्याने एक गिटार केली. तिची तबली नेहमीसारखी लाकडी आणि पाठ व बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या. आज ती बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. पाठीला कोणतं महागडं लाकूड लावलंय यावर गिटारीचा भाव ठरवणाऱ्यांनी तिच्यापुढे दोन मिनिटं उभं राहावं, असं मला नेहमी वाटतं. पाठ-बाजूंनी फरक पडतच नाही असं मी म्हणत नाही. पडतो, पण आधी तबली.

तबली स्प्रूसची. तीही स्पेनची नव्हे. आल्प्सकडच्या थंड उतारांवरची, जिथे झाड सावकाश वाढतं आणि वर्षांच्या रेषा दाट येतात. १९६० च्या दशकात माद्रिदच्या तिसऱ्या होसे रामिरेसने उत्तर अमेरिकेतला लाल सीडर आणला, तेव्हापासून दोन्ही चालतात. खोड कलिंगडाच्या फोडीसारखं चिरलेलं हवं, म्हणजे रेषा फळीत उभ्या राहतात. मग एकच फळी मधून चिरून पुस्तक उघडावं तशी उघडायची आणि दोन्ही अर्ध्या कडेला कड लावून जोडायच्या. हा सांधा रंध्याने इतका नितळ करायचा की उजेडासमोर धरल्यावर मधून किरण दिसता कामा नये. तुझे बाबा हे एका दुपारी करून दाखवतील.

खरी गोष्ट त्यानंतरची. फळी दोन्ही हातांत धरून आडवी वाकवून बघायची, मग उभी, मग कोपरे धरून पिळून. पुन्हा दोन हात रंधा मारायचा, पुन्हा वाकवायची. पुस्तकात आकडे मिळतात: मध्यावर सव्वादोन ते अडीच मिलिमीटर, कडेला दोनच्या आसपास. पण एकाच खोडातल्या दोन फळ्या एकसारख्या नसतात. एक ताठ निघते, तिला २.१ पुरतात, दुसरी लेचीपेची, तिला २.६ ठेवावे लागतात. सीडर जरा जाडच ठेवतात. या फळीला सहा तारांचा मिळून जवळपास ४० किलोंचा ताण कायम सोसायचाय, आणि तरी ती बोटाच्या हलक्या छेडीलाही थरथरली पाहिजे. कुठे थांबायचं हे मनगटाला कळतं आणि ते कळायला वीसेक तबल्या बिघडवाव्या लागतात. कारखान्याला ही चैन परवडत नाही. शंभरातल्या सर्वांत कमकुवत फळीला जी जाडी लागेल, तीच तो शंभरही फळ्यांना देतो, नाहीतर गिटारी दुरुस्तीला परत येतात. त्यामुळे १५ हजारांच्या गिटारीत एखादी उत्तम फळी निघालीच तर तीही जाडीखाली गुदमरलेली असते.

तबलीच्या आतल्या बाजूला पंख्याच्या काड्यांसारख्या पसरलेल्या बारीक पट्ट्या चिकटवतात. स्पॅनिशमध्ये त्या रचनेला आबानिको म्हणजे पंखाच म्हणतात. तोरेसची रचना सात पट्ट्यांची आणि खाली तिरप्या दोन. पंखा त्याच्या आधीही होता, पण त्याचं प्रमाण त्याने बसवलं आणि जग आजही त्याच्याभोवती फिरतंय. या पट्ट्या करवतीने कापत नाहीत, सुरीने फोडून काढतात, म्हणजे नस टोकापासून टोकापर्यंत अखंड राहते. चिकटवल्यावर पटाशीने दोन्ही टोकांकडे उतरत्या करायच्या. इथे बरेच जण तबली कानाशी धरून टकटक करतात आणि व्हिडिओत ते फार छान दिसतं. मीही करतो. पण खरं सांगायचं तर ठोकण्यापेक्षा वाकवण्यावर माझा भरवसा जास्त आहे.

आता जिथे स्पेनची पद्धत इतरांपेक्षा खरोखर वेगळी पडते तिथे येतो. व्हायोलिनवाले बहुतेक साच्यावर आधी बाजूंचा सांगाडा उभारतात आणि दांडी पुढे स्वतंत्र बसवतात. स्पॅनिश गितारेरो, म्हणजे गिटार करणारा, साचा वापरत नाही. त्याच्याकडे असते सोलेरा: गिटारीच्या आकाराची एक जाड फळी, पोटाच्या भागात दोन-तीन मिलिमीटर खोलगट खरवडलेली. गिटार तिच्यावर पालथी घालून घडते. आधी तबली पालथी ठेवायची. पट्ट्या चिकटताना ती त्या खोलगटात दाबली जाते आणि सरळ केल्यावर तिला हलका फुगवटा येतो. मग दांडी. तिच्या मुळाशी दोन्ही अंगांना करवतीने खाचा पाडलेल्या असतात. तबली या दांडीला चिकटते आणि बाजूच्या वाकवलेल्या पट्ट्या त्याच खाचांत सरकवल्या जातात. म्हणजे दांडी आणि पेटी यांच्यात नंतर घातलेला सांधाच नाही. दांडीचं मूळ पेटीच्या आतला ठोकळा होऊन बसतं.

याचा परिणाम काय? दांडीचा कोन तबली चिकटवतानाच ठरून जातो. टोकाला ती दोन-तीन मिलिमीटर पुढे झुकलेली हवी, म्हणजे घोडी बुटकी ठेवता येते. इथे चूक झाली तर ती दोन महिन्यांनी, तारा चढवल्यावर कळते. वेगळी करून नंतर जोडलेली दांडी काढून पुन्हा बसवता येते. इथे तशी मुभा नाही. प्रत्येक भाग आधीच्या भागाला मापून बसतो, त्यामुळे माझ्या दोन गिटारींचे सुटे भाग एकमेकींना लागणार नाहीत.

बाजू वाकवणं हे बघायला सर्वांत मजेचं आणि शिकायला सर्वांत जाचक. दोन मिलिमीटरची शिसवी पट्टी ओलसर करायची आणि तापलेल्या लोखंडी नळीवर हळूहळू झुलवायची. लाकूड एका क्षणी सैल पडतं, लोणी मऊ व्हावं तसं, आणि तो क्षण तळव्याला जाणवतो. शिसवीचा गोडसर वास खोलीभर पसरतो. फ्लामेंको, म्हणजे दक्षिण स्पेनच्या लोकसंगीताच्या, गिटारीसाठी सायप्रस वापरतात, त्याचा वास वेगळाच, तिखट-सुगंधी. (आपल्या कोकणातला सुरू सायप्रससारखा दिसतो म्हणून अनेकजण त्याची फळी घेऊन येतात. ते झाड निराळं, त्याच्या वाटेला जाऊ नकोस.) माझ्या पहिल्या गिटारीत एक बाजू कमरेशी जराशी कमी वाकली होती. मी ती क्लॅम्पने दाबून जागेवर आणली आणि चिकटवून टाकली. उस्तादांनी संध्याकाळी न बोलता गरम पाण्याचं फडकं घेतलं, सांधा सोडवला आणि पट्टी माझ्या हातात दिली. त्यांची कसोटी साधी होती: वाकवलेली बाजू सोलेरावर नुसती ठेवायची, दोन बोटांपेक्षा जास्त दाब लागला तर परत नळीवर. दाबून बसवलेलं लाकूड पेटीत कायम ताणलेलं राहतं, आणि थरथरायच्या तबलीला तो ताण नडतो.

सांधा फडक्याने सुटला, कारण चिकटवायला सरस होता. बाबांना विचार, फेविकॉल येण्याआधी सुतार तोच वापरत. जनावराच्या कातड्याचा, पाण्यात भिजवून मंद आचेवर पातळ केलेला. हातात जेमतेम एखादं मिनिट मिळतं, तेवढ्यात तो थिजू लागतो. म्हणून लाकूडही आधी शेकून घ्यायचं. वाळल्यावर काचेसारखा कडक होतो, आणि पन्नास वर्षांनी कुणाला गिटार उघडायची झाली तर ऊब आणि ओल देऊन सुटतो. मी पेटीच्या आत अजून सरसच वापरतो, पांढरा गोंद फक्त जिथे पुन्हा उघडायचा प्रश्नच नाही तिथे.

तबली आणि बाजू जिथे भेटतात त्या आतल्या कोपऱ्यात लाकडाचे चिमुकले तिकोनी ठोकळे एकेक करून चिकटवतात. त्यांना म्हणतात पेओनेस. बुद्धिबळातल्या प्याद्यालाही स्पॅनिशमध्ये पेओनच म्हणतात. एका गिटारीला शंभरावर लागतात आणि प्रत्येक बोटाने अर्धा मिनिट दाबून धरायचा. सलग पट्टी लावली तर काम तासाभरात होतं, आणि तशी लावणारे चांगले कारागीरही आहेत. पण सलग पट्टी वाकवून बसवताना आपला ताण सोबत आणते, सुटा ठोकळा आणत नाही. मी प्यादीच लावतो. रेडिओ ऐकत दुपार जाते.

पाठ बसली की पेटी बंद. मग कडांना खाच पाडून कडपट्ट्या बसवायच्या आणि त्या चिकटेपर्यंत अख्खी गिटार दोरीने गच्च गुंडाळायची. त्या अवस्थेत ती पार्सलात बांधलेल्या सुरणासारखी दिसते. आवाजाच्या भोकाभोवतीची नक्षी, रोसेता, हे पर्यटकांना सर्वांत आवडणारं काम: रंगीत लाकडाच्या केसाएवढ्या पट्ट्यांची जुडी चिकटवायची आणि तिचे आडवे काप घ्यायचे, अळूच्या वड्यांसारखे, की नक्षी तयार. दिसायला सुंदर, आवाजाशी संबंध जवळपास शून्य. त्यावर जास्त लिहीत नाही.

पडद्यांचं गणित मात्र चोख हवं. घोडीपासून वरच्या नटपर्यंत (दांडीच्या वरच्या टोकाची, तारा टेकवणारी पट्टी) तारेची लांबी ६५० मिलिमीटर. हेही माप तोरेसमुळे रुळलं. ६५० ला १७.८१७ ने भागलं की पहिला पडदा नटपासून ३६.५ वर येतो. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागायचं, असं करत बारावा बरोबर ३२५ वर येतो. तार दाबताना ताणली जाऊन सूर किंचित चढतो, म्हणून घोडी हिशोबापेक्षा एक-दीड मिलिमीटर मागे. बाराव्या पडद्यापाशी तारेची उंची क्लासिकलमध्ये साधारण ३ ते ४ मिलिमीटर ठेवतात, फ्लामेंकोत त्याहून कमी. मिरजेत घोडी घासून जवारी काढतात आणि तार घोडीवर भिणभिणली की सगळे खूश होतात. क्लासिकल गिटारवाला तसला आवाज आला की गिटार परत घेऊन येतो. फ्लामेंकोवाल्याला मात्र थोडी खरखर चालते, काहींना हवीच असते.

पॉलिश लाखेचं. ग्रानादात त्याला गोमा लाका म्हणतात आणि त्यातला ‘लाका’ हा आपल्या ‘लाक्षा’चाच फिरून आलेला वंशज. लाखही बरीचशी आपल्या झारखंडकडची. चपडा, म्हणजे लाखेचे पापुद्रे, स्पिरिटमध्ये विरघळवायचा, सुती कापडात लोकर किंवा कापूस बांधून पुरचुंडी करायची आणि तिने थरावर थर द्यायचे. पुरचुंडीला ते मुन्येका म्हणतात, म्हणजे बाहुली. तीन-चार आठवडे जातात. थर इतका पातळ राहतो की तबलीला त्याचं ओझं होत नाही; स्वस्त गिटारींवरचा जाड चकचकीत लेप हे त्या मुक्या वाटण्याचं दुसरं कारण.

लाकडाबद्दल तू विचारलं नाहीस, पण विचारशीलच. पाठ-बाजूंसाठी पूर्वी ब्राझीलचं रोझवूड मानाचं. १९९२ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइटिस या धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या कराराने जवळपास बंदीच आहे. त्याच्या जागी जगभर आली ती आपली दक्षिणेतली शिसवी. ग्रानादात माझ्या बाकावर पहिल्या दिवशी जी फळी आली ती सह्याद्रीच्याच दक्षिणेकडच्या रांगांतली असावी, हे कळल्यावर मला हसूच आलं होतं. दांडीचं लाकूड ‘स्पॅनिश सीडर’. ते ना स्पॅनिश ना सीडर, मध्य अमेरिकेतलं सेद्रेला नावाचं झाड, कडुनिंबाच्या कुळातलं. आणि मिरजेत सतारीला जो तून वापरतात तो या सेद्रेलाचा सख्खा भाऊबंद. वनस्पतिशास्त्रज्ञ पूर्वी दोघांना एकाच नावाखाली ठेवत. हलका, सरळ नसेचा, न वळणारा. मी गेली काही वर्षं दांड्या जुन्या तुनाच्या करतो, एकही तक्रार आलेली नाही.

आता तुझ्या घरी जिथे काम अडेल ते सांगतो. हत्यारं नव्हे, हवा. ग्रानादा समुद्रसपाटीपासून जवळपास ७०० मीटरवर, उन्हाळा कोरडाठाक. तिथल्या लोकांना पेटी बंद करताना फार विचार करावा लागत नाही. पुण्यात परत आल्यावर मी पहिलीच गिटार ऑगस्टमध्ये बंद केली. बाहेर धो धो पाऊस, लाकूड पाणी पिऊन फुगलेलं, मला त्याचं भानच नाही. ती गेली नागपूरला. पुढच्या मे महिन्यात फोन आला: पाठीला वीतभर तडा. ३६० मिलिमीटर रुंदीची पाठ एवढ्या फरकाने सहज दोन-तीन मिलिमीटर आकसू पाहते, आणि चारी बाजूंनी चिकटवलेली असल्यामुळे आकसायला जागा नसते. चूक पूर्णपणे माझी होती. पाठ बदलून दिली. तेव्हापासून माझ्या खोलीत डीह्युमिडिफायर चालतो, भिंतीवर आर्द्रता मोजणारं घड्याळ आहे आणि ते ४५ ते ५० टक्क्यांच्या मध्ये असल्याशिवाय मी पट्ट्या चिकटवत नाही की पेटी बंद करत नाही. कोरड्या हवेत केलेली गिटार ओल्या हवेत गेली तर फुगते, जरा मुकी होते, पण बहुतेकदा निभावते. उलटं झालं तर फाटते. सांगलीत तुला हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये करता येईल. जूनच्या आधी पाठ बसली नाही तर दिवाळीनंतर बसव.

सुरुवात सोलेरापासून कर, चांगल्या प्लायवूडची चालेल. बाबांचा रंधा आणि पटाशा पुरतील, फक्त धार त्यांच्या नेहमीच्या धारेपेक्षा बरीच बारीक लागेल. वाकवायची नळी लोहाराकडून करून घे. तबलीत काटकसर करू नकोस, स्प्रूस नीट वाळवलेला मागव. पाठ-बाजूंना घरात पडलेला साग वापरायचा मोह होईल, तर वापर. तोरेसने कागद वापरला होता. सागात तेल असतं, म्हणून चिकटवण्याआधी सांधा स्पिरिटने पुसून घे. दोनशे तास धर, पॉलिश सोडून. तारा चढवल्यावर पहिल्या दिवशी निराश होऊ नकोस. नायलॉन ताणत राहतं, सूर उतरत राहतात, आणि तबलीही ताणाखाली आपली जागा शोधत असते. आठ दिवस रोज सुरात लाव, मग बाराव्या पडद्यापाशी उंची मोज आणि आकडा मला कळव. चारच्या वर असेल तर नटला हात लावू नकोस, घोडीवरची हाडाची पट्टीच आधी घासायची.